एक मुलाखत आणि आमचं घर

जून महिन्यात आमच्या घरात अबोला सुरू झाला. कारण पैशाचं होतं, निदान वरवर तरी. धाकट्याच्या बारावीच्या क्लासचा पहिला हप्ता भरण्यासाठी आम्ही त्याच्या हातात अकरा हजार रुपये दिले. आठवड्याभराने क्लासमधून फोन आला की हप्ता अजून आलेला नाही. त्याच संध्याकाळी पलंगाखाली पुठ्ठ्याचं एक खोकं सापडलं. त्यात वापरलेलं रिदम मशीन होतं. उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेलं, बटणांवरची अक्षरं पुसट झालेली, अ‍ॅडॉप्टर दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचा.

वाचकहो, आम्ही शिक्षक. बदलापूरच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवून बावीस वर्षं झाली. लहानपण उल्हासनगरच्या कॅम्पात गेलं, आता घर अंबरनाथला. या तीन स्टेशनांच्या बाहेर आमचं आयुष्य फारसं गेलेलं नाही. स्वतःला 'आम्ही' म्हणायची सवय उर्दूने लावली. त्यावर बेगम म्हणते, "एका पगारात एवढी माणसं जेवतात कशी, तेच कळत नाही."

त्या संध्याकाळी मात्र कुणालाच थट्टा सुचत नव्हती. आम्ही धाकट्याला विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "अब्बू, पैसे मी परत करणार होतो. सुट्टीत काम करून." आम्ही म्हणालो, "हे दुकानात परत देऊन ये." तो म्हणाला, "ते परत घेत नाहीत." मग आमच्या तोंडून एक वाक्य गेलं. "या घरात बाजेवाले निपजणार नाहीत."

कोपऱ्यात आमच्या अम्मी तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, पण बोलल्या काहीच नाहीत. त्यांचं ते पाहणं आम्हाला नीट कळलं होतं. तरी आम्ही तिकडे दुर्लक्ष केलं.

हप्ता आम्ही उसनवारी करून भरला. मुलगा क्लासला जाऊ लागला, जेवायला समोर बसू लागला, सलाम करू लागला. बोलणं तेवढंच.

जुलैतल्या एका रविवारी सकाळपासून पाऊस धो धो कोसळत होता. धाकट्याचे दोन मित्र घरी आले होते. एक उल्हासनगरचा, त्याच्या वडिलांचं टीव्ही-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा बदलापूरचा, कॉलेजात शिकणारा. आम्ही दोघांनाही गावाच्या नावानेच ओळखतो आणि इथेही तसंच लिहू. दुपारी रुळांवर पाणी आलं, गाड्या अंबरनाथच्या पुढे जाईनात. बदलापूर अडकला, म्हणून उल्हासनगरही थांबला. बेगमने खिचडी टाकली. वीज गेली. आम्ही खिडकीपाशी घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो, आणि मुलं पलीकडे चटईवर एक छापील कागद घेऊन भांडू लागली.

भांडण एका मुलाखतीवरून होतं. सुरुवातीला आम्ही नुसतं ऐकत होतो. पाच-सहा पेपर झाल्यावर लाल पेन थांबलं.

मुलाखत चरणजीत सिंग यांची होती. हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं, आमच्या बहुतेक वाचकांनीही ऐकलं नसेल. जन्म १९४० चा. मुंबईचे वादक. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात ते बास गिटार आणि कीबोर्ड वाजवत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशांच्या रेकॉर्डिंगना बसलेला हा माणूस. सिनेमाच्या पाट्यांवर अशा वादकांची नावं येत नसत. बाहेर त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही होता. लग्नसमारंभात सिनेमाची गाणी वाजवायची, असा तो संसार.

त्या काळात जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रं बाजारात आली होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. टीआर-८०८ हे ढोल-झांजांचे आवाज काढणारं यंत्र. आणि टीबी-३०३ ही लहानशी चंदेरी पेटी, बासचे सूर आपोआप वाजवणारी. चरणजीत सिंग यांनी ही तिन्ही यंत्रं मिळवली, एकमेकांना जोडली आणि १९८२ साली एक रेकॉर्ड केली. तिचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भूपाली, ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, आणि खाली तबल्याऐवजी डिस्कोचा ठेका. एचएमव्हीने ती काढली. खपली नाही. लोक विसरले. चरणजीत सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात 'फ्यूचर' नावाच्या तरुणांच्या गटाने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड काढली. तीच चंदेरी पेटी, तिचा तोच चिरकत, वळत, वर-खाली जाणारा आवाज. त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' या नृत्यसंगीताचा जन्म झाला असं मानतात. ते संगीत ब्रिटनमध्ये गेलं, तिथून युरोपभर पसरलं. मग २००२ साली एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजीत सिंग यांची जुनी रेकॉर्ड सापडली. त्याने ती लावली आणि चक्रावून गेला. शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत, हा आवाज? त्याने वादकाला मुंबईत शोधून काढलं आणि २०१० साली रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध केली. पुष्कळ लोकांना ही थाप वाटली. आजच्याच कुणा खट्याळ संगीतकाराने जुनं कव्हर छापून जगाला बनवलं असावं, अशी कुजबूज झाली. पण माणूस खरा होता आणि रेकॉर्डही खरी होती. दुसऱ्या वर्षी, २०११ मध्ये, ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्रात त्यांची मुलाखत आली. त्याच मुलाखतीचा कागद आमच्या चटईवर होता.

बदलापूर म्हणत होता, "शोध यांनीच लावला. तारीख बघा ना. एकोणीसशे ब्याऐंशी आणि एकोणीसशे सत्त्याऐंशी. विषय संपला."

उल्हासनगर म्हणत होता, "कसला संपला? शिकागोच्या पोरांनी यांची रेकॉर्ड ऐकलीच नव्हती. ज्याच्यापासून कुणी काही शिकलं नाही, त्याने शोध लावला असं कसं म्हणायचं? दोघांकडे एकच पेटी होती, दोघांच्या हाताला एकच आवाज लागला, एवढंच."

मग त्याने त्या पेटीची हकीकत सांगितली. दुरुस्तीच्या दुकानात वाढलेलं पोर, त्याला यंत्राचा स्वभाव कळतो. ती पेटी मुळात घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी काढली होती. सोबतीला बासवाला नसेल तर ही वाजेल. पण तिचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा येईना, आणि तिच्यात सूर भरायची रीत अशी किचकट की माणूस कंटाळून सोडून देई. कंपनीने १९८४ मध्ये ती बंद केली. पेट्या सेकंडहँड दुकानांत स्वस्तात येऊन पडल्या. शिकागोच्या पोरांना त्या तिथेच परवडल्या. त्यांनी बासची नक्कल करायचा नादच सोडला आणि तिची बटणं नको तेवढी पिळली. "सर, म्हणजे सगळं आमच्या बाजारासारखंच," तो आमच्याकडे वळून म्हणाला. "नवीन वस्तू कुणाला तरी नकोशी झाली की मग ती आमच्यासारख्यांच्या हातात येते."

धाकटा आमच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही दोघं तारखांवर भांडताय. ते स्वतः काय म्हणाले ते वाचा ना."

आणि त्याने वाचून दाखवलं. इंग्रजी होतं. कोपऱ्यातून अम्मींनी विचारलं, "पोरं काय वाचतात?" आता आईला नाही कसं म्हणायचं? आम्ही खुर्ची सरकवून अम्मींपाशी बसलो आणि धाकटा वाचेल तसं मराठीत सांगू लागलो. दीड महिन्यात बापलेकांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

त्या माणसाने सांगितलेली गोष्ट अगदी साधी होती. त्या वर्षी सिनेमात जिकडे तिकडे डिस्को चालू होतं. त्यांच्या मनात आलं की डिस्को घेऊन काही वेगळं करावं, तबला बंद करावा आणि त्या ठेक्यावर राग वाजवावेत. घरी यंत्रं एकत्र जोडून सराव केला, कानाला बरं वाटलं, म्हणून रेकॉर्ड केलं. इतकंच. आपण पुढच्या जगाचा पाया घालतोय वगैरे काही नाही. अ‍ॅसिड हाऊस हा शब्दही त्यांच्या गावी नव्हता.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि पोरांचं खरं भांडण तिच्यावरूनच पेटलं. आपण केलेल्यातलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं ते म्हणाले होते. बाकीच्या रेकॉर्ड म्हणजे सिनेमाची गाणी, ती आपण नुसती वाजवली. हे मात्र आपण स्वतः रचलेलं होतं. माणसाने पूर्णपणे स्वतःचं असं काही केलं, तर त्यातून वेगळं काही घडू शकतं.

बदलापूरला हे लागलं. "म्हणजे आयुष्यभर एवढ्या मोठ्या लोकांबरोबर वाजवलं, ते एका वाक्यात बाजूला? मला वाटतं ते कडवट झाले होते. एवढं चांगलं केलं आणि कुणी विचारलं नाही."

उल्हासनगर म्हणाला, "कडवट कुठे? हिशोब सांगितला त्यांनी. हे दुसऱ्याचं, हे माझं."

"मग दुसरी तशी रेकॉर्ड का नाही केली?"

"घर चालवायचं होतं."

"एवढी वर्षं लपून का राहिले?"

धाकटा म्हणाला, "लपले कुठे होते? मुंबईतच तर राहत होते. कुणी दार वाजवलं नाही."

आम्ही हे सगळं अम्मींना सांगत होतो. सांगता सांगता एके ठिकाणी आमचा आवाज अडखळला. उल्हासनगर बोलता बोलता म्हणाला होता, "गंमत बघा सर, हे स्वतः बास वाजवणारे. आणि पेटी कसली विकत घेतली? बासवाल्याची गरजच संपवणारी."

ते खरंच होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नेमकं तेच झालं. एका सिंथेसायझरवर वीस व्हायोलिनांचं काम होऊ लागलं, ठेका यंत्र धरू लागलं, आणि नव्वदच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंतले मोठाले वाद्यवृंद विरून गेले. शेकडो वादकांचं रोजचं काम गेलं. ऑकलंड विद्यापीठाचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांना भेटून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं, ते २००८ साली आलं. बदलापूरने पुढे सांगितलं, "याच माणसाचं त्याच्या आधी एक पुस्तक आहे, सर. 'ब्रास बाजा'. २००५ चं. लग्नातल्या बँडवाल्यांवर."

आम्ही विचारलं, "बँडवाल्यांवर? आख्खं पुस्तक?"

"हो सर. का?"

तेव्हा अम्मींनी तस्बीह मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पोरा, आता सांग त्यांना. मी किती दिवस गप्प बसू?"

सांगायला हवं होतं ते असं. आमचे मरहूम अब्बा कल्याणच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी. सीझनमध्ये रात्री-अपरात्री घरी येत. कधी हळद, कधी बारात, कधी उरुसातला संदल. बाकीच्या महिन्यांत मिळेल ते काम. उल्हासनगरच्या गल्लीतून त्यांचा बँड गेला की आम्ही खेळ सोडून घरात पळायचो, कुणी ओळखू नये म्हणून. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. त्यात आम्ही दर वर्षी 'व्यापार' लिहायचो. पुढे 'खासगी नोकरी' लिहू लागलो. मुलं मोठी झाली तेव्हा त्यांना सांगितलं की दादांचा छोटा धंदा होता. कसला ते कधी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, अशी मनाची समजूत घातली.

अम्मींना स्वतःला वाद्य घरात आवडत नसे. वाद्यांबद्दल आपल्या घरांत मतं वेगवेगळी आहेत, जाणत्यांमध्येही आहेत. त्याचा निवाडा करण्याची आमची लायकी नाही आणि हा लेख त्यासाठी नाही. अब्बा क्लॅरिनेट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवत, नमाजच्या खोलीत कधी आणत नसत. दोघांनी मिळून तेवढी तडजोड केली होती. पण त्या मेहनतीच्या पैशाने घर चालतं, याची अम्मींना कधी लाज वाटली नाही. लाज आम्हाला वाटली, शिकलेल्या मुलाला.

ऐंशीच्या दशकात बँडमध्ये आधी कॅसिओ आला, मग पॅड आलं. नव्वदच्या अखेरीस टेम्पोवर स्पीकर लावून डीजे येऊ लागले. बयाणा कमी होत गेला. पंधरा जणांचा बँड सात जणांवर आला. २००१ मध्ये आम्हाला बीएडला प्रवेश मिळाला. फी भरायची शेवटची तारीख आली तेव्हा घरात पैसे नव्हते. एके सकाळी अब्बांनी फीची रक्कम आमच्या हातात ठेवली. माळ्यावरची गुंडाळी नाहीशी झाली होती. आम्ही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. नंतर ते एका दुकानात हिशोब लिहायला जाऊ लागले. तिथेही त्यांची बोटं वहीवर आपोआप हलत, हे आम्ही पाहिलं होतं.

म्हणजे या घरात एकदा वाद्य विकून फी भरली गेली होती, आणि आता फीच्या पैशातून वाद्य आलं होतं. पहिल्या व्यवहारावर आम्ही शिक्षक झालो. दुसऱ्यावर आम्ही मुलाला म्हणालो, या घरात बाजेवाले निपजणार नाहीत.

हे सगळं आम्ही त्या तिघांसमोर आणि बेगमसमोर सांगितलं. बेगमला क्लॅरिनेटचं ठाऊक होतं, फीचं नव्हतं. पाऊस चालूच होता. कुणी काही बोललं नाही. धाकटा बराच वेळ हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अब्बू, तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर मी विचारून घेतलं असतं."

आम्ही म्हणालो, "आणि आम्ही नाहीच म्हटलं असतं."

तो म्हणाला, "हो. पण विचारलं तरी असतं."

आम्ही विद्यार्थ्यांना निबंधात प्रामाणिकपणावर वीस ओळी लिहायला लावतो. तो म्हातारा वादक मुलाखतीत जे सहज बोलून गेला, ते आम्हाला वीस वर्षांत जमलं नव्हतं. जगभरचे चाहते त्याला शोधकर्ता म्हणायला तयार होते. त्याने ते डोक्यावर चढवून घेतलं नाही. दुसऱ्या बाजूने, पोटासाठी दुसऱ्यांची गाणी वाजवली, हेही लपवलं नाही. जेवढं केलं तेवढंच सांगितलं. नियत साफ असली की माणसाला आपली गोष्ट वाढवावीही लागत नाही आणि झाकावीही लागत नाही. आम्ही आमच्या वडिलांची गोष्ट झाकली, आणि झाकताना त्यांचा हुनरच खोटा ठरवला.

बदलापूरला मात्र चैन नव्हतं. तो जरा वेळाने म्हणाला, "पण दादी, आजोबांचं स्वतःचं असं काही होतं का? म्हणजे या सिंगसाहेबांसारखं? सिनेमातलं नसलेलं?"

आम्हाला वाटलं, आता अम्मी पोरांना गप्प बसवतील. पण त्या म्हणाल्या, "एक होतं. बारात दारी आली की लोक जेवणाकडे धावायचे. बँडकडे कुणाचं लक्ष नसायचं. तेव्हा हे वाजवायचे. मला म्हणायचे, ही माझी चाल आहे, मालकाने सांगितलेली नाही."

"कशी होती?"

अम्मींनी ओढणी सारखी केली, भिंतीकडे तोंड केलं आणि अगदी हलक्या आवाजात, शब्दांशिवाय, चार-पाच सुरांची एक ओळ गुणगुणली. मग थांबल्या. म्हणाल्या, "पुढचं आठवत नाही." आमच्या आयुष्यात अम्मींना गुणगुणताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

धाकट्याने विचारलं, "दादी, पुन्हा एकदा?" त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी त्याने फोन पुढे धरला होता.

उल्हासनगर डोकं खाजवत म्हणाला, "सर, रागावू नका. पण ही कुठल्या तरी जुन्या सिनेमातल्या गाण्यासारखी वाटते." त्याने गुणगुणून पाहिलं, सापडेना. बदलापूर म्हणाला, "नाही, हे वेगळं आहे." पुन्हा वाद सुरू झाला. ती चाल अब्बांची की कुणा संगीतकाराची, हे त्या दिवशी ठरलं नाही आणि आजही ठरलेलं नाही. सगळी जिंदगी सिनेमाची गाणी वाजवणाऱ्याच्या बोटांत एखादं गाणं नकळत उतरलंही असेल. अब्बांना ती आपली वाटत होती, एवढं मात्र खरं. आणि ती आपली आहे असं त्यांनी घरात एका माणसाला सांगितलं होतं. त्यांनी ते आम्हाला का सांगितलं नाही, याचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे.

संध्याकाळी वीज आली. गाड्या रात्री उशिरा सुटल्या. मुलं गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. मशीन परत द्यायचा विषय संपला. पण अकरा हजार रुपयेही माफ झाले नाहीत. बारावीनंतरच्या सुट्टीत उल्हासनगरच्या वडिलांच्या दुकानात काम करून तो ते फेडणार आहे. त्या दुकानदारांशी आम्ही बोललो आहोत. परीक्षेपर्यंत मशीन फक्त रविवारी, असर ते मगरिब, आणि नमाजच्या खोलीपासून दूर. पलंगाखाली मात्र नाही. ते आता हॉलमध्ये टेबलावर, सगळ्यांच्या समोर असतं.

चरणजीत सिंग यांच्याबद्दल आम्ही नंतर आणखी विचारलं. मुलाखतीनंतर, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना युरोपात बोलावणं आलं. तीस वर्षांपूर्वी कुणी न घेतलेले ते राग त्यांनी तिथल्या तरुणांसमोर, तसल्याच यंत्रांवर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. आमच्या पोरांना त्यांना भेटता आलं नाही याची हळहळ आहे. आम्हाला वाटतं, कुणीतरी दार वाजवलं आणि ते आत असतानाच वाजवलं, हेही थोडं नाही. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात असे कितीतरी हुनरमंद बसले आहेत. कुणी बँडमध्ये होतं, कुणी कलई करायचं, कुणी खुशखत लिहायचं. त्यांना विचारायला परदेशातून कुणी येणार नाही. आपल्याच मुलांनी विचारलं तर तीच त्यांची मुलाखत.

आणि फॉर्मचा तो रकाना. यंदा शाळेत नव्या विद्यार्थ्यांची माहिती भरून घेताना एक मुलगा 'वडिलांचा व्यवसाय' या शब्दांपाशी पेन धरून थांबला. आम्ही जवळ जाऊन विचारलं. तो हळूच म्हणाला, "सर, डीजेच्या टेम्पोवर असतात. काय लिहू?" क्षणभर आम्हाला अब्बांचा लाल कोट आठवला. ज्या टेम्पोने तो कोट उतरवला, त्याच टेम्पोवरच्या माणसाचं पोर समोर उभं होतं. आम्ही म्हणालो, "जे आहे ते लिही. शुद्धलेखन तेवढं बरोबर लिही."

मागच्या रविवारी धाकट्याने अम्मींची ती ओळ मशीनवर बसवली. सोळा घरांचं चक्र, त्यात चार-पाच सूर, खाली साधा ठेका. त्याने अम्मींना जवळ बसवून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "सूर बरोबर आहेत. पण हे वाजवायचे तेव्हा दम असा मध्येच तुटत नसे. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायचे."

तेव्हापासून तो त्या पुसट बटणांशी झटतोय. अजून जमलेलं नाही.